यूट्यूबचं थंबनेल मोबाइलच्या गॅलरीत कसं सेव्ह करायचं, आणि संशोधनासाठी करत असाल तर काय सांभाळायचं

परवा गावी, जवळा बाजारला गेले होते. शेजारची एक मुलगी एम.एस्सी. झाली आहे, सध्या पेटची तयारी करतेय. ती संध्याकाळी येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, यूट्यूबच्या व्हिडिओवर तो फोटो असतो ना, थंबनेल, ते गॅलरीत कसं सेव्ह करायचं? ॲपमध्ये तर ऑप्शनच नाही." कशाला हवंय असं विचारलं, तर सोशल मीडियावर विज्ञान कसं दाखवलं जातं यावर तिला संशोधन आराखडा लिहायचा होता आणि त्यासाठी नमुने गोळा करायचे होते.

तिच्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांचं आहे, ते खाली देतेच. पण याच दोन मिनिटांच्या उत्तरावर भरवसा ठेवून मी स्वतः एकदा पुरती तोंडावर आपटले आहे. म्हणून आधी ते सांगते.

आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया होत आहे हे तुम्हाला माहीत असेलच. गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या गेल्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या दोन वेधशाळांमध्ये. ११ फेब्रुवारी २०१६ ला ती बातमी जगाला कळली आणि आठवडाभरातच केंद्र सरकारने भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी यायला मात्र एप्रिल २०२३ उजाडलं. इंग्रजी 'एल' अक्षरासारख्या काटकोनात ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, असं याचं रूप असणार आहे.

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये एक छोटा प्रकल्प करायचा होता. माझा मूळ विषय भौतिकशास्त्राचा. पण डोक्यात एक प्रश्न घोळत होता: जी वेधशाळा अजून उभीच राहिलेली नाही, तिच्यावरच्या मराठी व्हिडिओंच्या थंबनेलमध्ये चित्र नेमकं कशाचं लावतात? शोधायला लागले तर मजाच होती. कुठे अमेरिकेतल्या वेधशाळेचा विमानातून काढलेला फोटो, खाली 'आपल्या हिंगोलीत'. कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरतानाचं कलाकाराने काढलेलं चित्र. कुठे नागनाथाच्या मंदिराचं शिखर आणि शेजारी लाल बाण. गावातल्या माणसाच्या मनात या प्रकल्पाची प्रतिमा तयार होते ती व्हिडिओ बघायच्या आधी, या चित्रावरून. प्रश्न चांगला होता, अजूनही मला तसंच वाटतं.

मग काय, घराच्या गच्चीवर (रेंज तिथेच मिळते) बसून एकेक करत शंभराच्या वर थंबनेल्स मोबाइलमध्ये उतरवली. गॅलरी भरली. त्यातली निवडक घेऊन स्लाइड्स केल्या. सादरीकरणाच्या दिवशी सातव्या स्लाइडवर एका सरांनी विचारलं, "हे कोणत्या चॅनेलचं? कधीचं? मंजुरीच्या आधीचं की नंतरचं?" मी मोबाइल काढला आणि फाइलचं नाव बघितलं. नाव होतं 'मॅक्सरेसडिफॉल्ट (४१)'. त्याच्या आधीचं ४०, नंतरचं ४२. सगळ्यांचं नाव एकच, फक्त कंसातला आकडा वेगळा.

सरांचं काही चुकलं नव्हतं. माझ्याकडे चित्रं होती, पण कुठलं चित्र कुठून आलं हे सांगणारं काहीही नव्हतं. आणि 'आधीचं की नंतरचं' यावरच तर माझा सगळा युक्तिवाद उभा होता. प्रकल्प पुन्हा पहिल्यापासून करावा लागला, एक सत्र गेलं.

आता पद्धत सांगते.

यूट्यूबच्या ॲपमध्ये थंबनेल सेव्ह करायची सोय नाही. पण प्रत्येक व्हिडिओचं थंबनेल एका ठरावीक पत्त्यावर ठेवलेलं असतं आणि तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडता येतो. त्यासाठी फक्त व्हिडिओचा आयडी लागतो. व्हिडिओखालच्या 'शेअर'वर जाऊन लिंक कॉपी करा. लिंकमध्ये शेवटच्या तिरक्या रेघेनंतर ११ चिन्हं दिसतील: इंग्रजी अक्षरं, आकडे, कधी आडवी रेघ किंवा खालची रेघ. हा तो आयडी. त्यानंतर प्रश्नचिन्ह आणि पुढे काहीबाही असेल तर ते सोडून द्या, तो व्हिडिओच्या ओळखीचा भाग नाही. संगणकावरून लिंक घेतली असेल तर 'व्ही' आणि बरोबरच्या चिन्हानंतरची ११ चिन्हं घ्या. शॉर्ट्सच्या लिंकमध्ये 'शॉर्ट्स' या शब्दानंतर येतात ती.

मग क्रोममध्ये वर पत्ता टाकायचा: आयएमजी डॉट यूट्यूब डॉट कॉम, तिरकी रेघ, व्हीआय, तिरकी रेघ, तो ११ चिन्हांचा आयडी, तिरकी रेघ, मॅक्सरेसडिफॉल्ट डॉट जेपीजी. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. आयडी मात्र जसाच्या तसा, कारण त्यात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मोजला जातो. तो हाताने टाइप करायच्या भानगडीत पडू नका. मोठा 'आय' आणि लहान 'एल' मोबाइलवर सारखेच दिसतात, शून्य आणि 'ओ'चंही तेच. कॉपी-पेस्टच करा. मी पत्त्याचा सगळा सांगाडा नोट्समध्ये लिहून ठेवलाय, दरवेळी फक्त आयडी बदलते.

चित्र उघडलं की त्यावर बोट दाबून धरा, 'इमेज डाउनलोड करा' असा पर्याय येईल. अँड्रॉइडमध्ये ते 'डाउनलोड' फोल्डरमध्ये जातं आणि गॅलरीत त्याच नावाच्या अल्बममध्ये दिसतं. गूगल फोटोजमध्ये पहिल्या पानावर दिसलं नाही तर घाबरू नका, 'या डिव्हाइसवर' असलेल्या फोल्डरांमध्ये सापडेल. आयफोनवर सफारीमध्ये असंच बोट दाबून धरलं की 'सेव्ह टू फोटोज' येतं. झालं, शेजारच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं.

यासाठी वेगळं ॲप किंवा 'थंबनेल डाउनलोडर' नावाची साइट अजिबात लागत नाही. त्या साइट्सही तुमच्या लिंकमधून आयडी काढून असाच पत्ता उघडतात, वर जाहिराती आणि खोटी डाउनलोड बटणं. एखादं चित्र उतरवायला ॲप तुमचे कॉन्टॅक्ट्स मागत असेल तर ते लगेच काढून टाका.

"पण ताई, स्क्रीनशॉट मारला तर?" हेही तिने विचारलंच. वॉलपेपरला चालेल. नमुना म्हणून नाही. ॲपच्या यादीत थंबनेलच्या कोपऱ्यावर व्हिडिओच्या लांबीचा काळा चौकोन बसतो, अर्धवट बघितलेला असेल तर खाली लाल पट्टी येते. चित्राचा आकार तुमच्या मोबाइलच्या स्क्रीनवर ठरतो, म्हणजे तुमचा आणि मैत्रिणीचा स्क्रीनशॉट वेगवेगळा. मूळ थंबनेल सगळ्यांना एकाच मापाचं मिळतं.

आणि माप हा विषय वाटतो तेवढा साधा नाही. त्या पत्त्यातला शेवटचा शब्द बदलला की त्याच थंबनेलची वेगळ्या आकाराची प्रत मिळते. 'मॅक्सरेसडिफॉल्ट' म्हणजे १२८० × ७२० पिक्सेल. 'एसडीडिफॉल्ट' ६४० × ४८०, 'एचक्यूडिफॉल्ट' ४८० × ३६०, 'एमक्यूडिफॉल्ट' ३२० × १८०, आणि नुसतं 'डिफॉल्ट' १२० × ९०. सगळ्यात मोठी प्रत प्रत्येक व्हिडिओला नसते. जुन्या किंवा कमी दर्जाच्या व्हिडिओंना बऱ्याचदा नाहीच. तेव्हा पडद्यावर राखाडी रंगाचं एक छोटंसं चित्र येतं. ते थंबनेल नव्हे, 'इथे काही नाही' असं सांगणारं भरीचं चित्र आहे. घाईत तेही सेव्ह होतं, माझ्या पहिल्या संग्रहात अशी कितीतरी होती.

या मापांत एक छुपी अडचण आहे, आणि ती मला दुसऱ्या फेरीत कळली. हल्लीचे आडवे व्हिडिओ १६:९ प्रमाणाचे असतात. १२८० × ७२० आणि ३२० × १८० ही मापं त्या प्रमाणात बसतात. पण ४८० × ३६० आणि ६४० × ४८० ही ४:३ प्रमाणाची आहेत. मग उरलेली जागा यूट्यूब वर आणि खाली काळ्या पट्ट्यांनी भरतं. हिशोब करून बघा: ४८० रुंदीला १६:९ प्रमाणात उंची येते २७०. फाइलची उंची ३६०. म्हणजे ९० पिक्सेल काळे, वर ४५, खाली ४५. चित्राचा चक्क २५ टक्के भाग नुसता काळा! डोळ्याने बघायला काही फरक पडत नाही. पण तुम्ही थंबनेलमधले रंग मोजणार असाल, सरासरी उजेड काढणार असाल, किंवा संगणकाला चित्रांचे गट पाडायला सांगणार असाल, तर काही नमुन्यांत २५ टक्के काळोख आधीच मिसळलेला आहे. आणि ज्या जुन्या व्हिडिओंना मोठी प्रत नाही, नेमके त्यांच्यातच तो येणार. मग तुम्ही लिहाल, 'जुनी थंबनेल्स अधिक गडद होती'. प्रत्यक्षात ती पट्टी होती. एकतर सगळ्यांसाठी एकच माप घ्या, नाहीतर पट्ट्या कापून टाका आणि कापल्याची नोंद ठेवा.

मोठं माप का हवं, तेही लायगोच्याच उदाहरणाने. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांपैकी हॅनफोर्डची वॉशिंग्टन राज्यातल्या कोरड्या, तपकिरी माळावर आहे आणि लिव्हिंग्स्टनची लुइझियानातल्या हिरव्या झाडीत. १२८० रुंदीच्या चित्रात भुजेच्या दोन्ही बाजूंची जमीन नीट दिसते आणि फोटो कुठला ते ओळखू येतं. १२० रुंदीच्या चित्रात दिसते फक्त एक पांढरट रेघ. इटलीतली व्हर्गो वेधशाळाही काटकोनातलीच आहे, भुजा ३ किलोमीटरच्या, तीही मधूनमधून 'हिंगोलीची' होऊन येते. कोणता फोटो उसना घेतलाय हाच माझा प्रश्न होता, तेव्हा लहान प्रत घेऊन माझं काहीच भागलं नसतं.

आता माझी पहिली चूक दुरुस्त कशी करायची ते. फाइल उतरली की लगेच, पुढच्या व्हिडिओकडे जायच्या आधी, तिचं नाव बदलायचं. नंतर एकदम बदलू म्हणाल तर ते होत नाही, अनुभवाने सांगते. 'फाइल्स' ॲपमध्ये जाऊन नावात व्हिडिओचा आयडी आणि उतरवल्याची तारीख टाका, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप नीट लागते. मग 'पिक्चर्स'मध्ये प्रकल्पाचं एक फोल्डर करून त्यात हलवा, गॅलरीत त्याचा वेगळा अल्बम दिसेल. आयफोनवाल्यांनी थेट फोटोजमध्ये न टाकता 'शेअर' करून 'सेव्ह टू फाइल्स' घ्यावं, तिथे नाव देता येतं.

सोबत एक साधी एक्सेल किंवा गूगल शीट. आयडी, शीर्षक, चॅनेल, व्हिडिओ टाकल्याची तारीख, थंबनेल उतरवल्याची तारीख, कोणतं माप, आणि शेरा. एक खबरदारी घ्या: आयडीचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. काही आयडी आडव्या रेघेने सुरू होतात, एक्सेलला वाटतं हे वजाबाकीचं सूत्र आहे आणि तिथे चूक दाखवून मोकळं होतं.

उतरवल्याची तारीख कशाला, असं वाटेल. पत्ता तोच राहतो, पण चित्र बदलतं, म्हणून. चॅनेलवाला कधीही थंबनेल बदलू शकतो आणि जुनं त्या पत्त्यावर राहत नाही. एप्रिल २०२३ ची मंजुरी आल्यावर एखाद्याने २०१६ च्या व्हिडिओला नवं थंबनेल लावलं, तर तुम्हाला आज दिसेल ते नवं, आणि शेजारी व्हिडिओची तारीख २०१६! 'प्रकल्पाच्या सुरुवातीला असं चित्र दाखवत होते' असं त्यावरून लिहिलंत तर साफ चुकलं. शिवाय २०२४ पासून यूट्यूबने चॅनेलवाल्यांना एकाच व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल्स लावून चाचणी घ्यायची सोय दिली आहे. चाचणी चालू असेपर्यंत काही प्रेक्षकांना एक दिसतं, काहींना दुसरं. म्हणजे तुम्ही उतरवलेलं थंबनेल हे 'त्या व्हिडिओचं थंबनेल' नसून 'त्या दिवशी त्या पत्त्यावर असलेलं थंबनेल' आहे. प्रबंधात वाक्य असंच लिहा. मी महिन्याभराने सगळी पुन्हा उतरवली. फाइलचा बाइटमधला आकार बदललेला दिसला की दोन्ही शेजारी उघडून बघायचे. काही खरंच बदलली होती, आणि माझ्या प्रकल्पातला सगळ्यात वाचनीय भाग त्यांच्यावरचाच झाला. जुनी स्थिती शोधायची असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये व्हिडिओचं पान टाकून बघा. दरवेळी मिळेलच असं नाही, पण मिळालं तर तारखेसकट मिळतं.

आणखी एक, थोडं बाजूचं. चॅनेलवाल्याने स्वतःचं थंबनेल लावलेलं असो वा नसो, यूट्यूब व्हिडिओतूनच तीन क्षणचित्रं काढून ठेवतं. पत्त्याच्या शेवटी मॅक्सरेसडिफॉल्टच्या जागी नुसता १, २ किंवा ३ हा आकडा इंग्रजीत टाकून डॉट जेपीजी केलं की ती दिसतात. आकाराने बारकी असतात. पण थंबनेल मुद्दाम तयार केलंय की व्हिडिओतलंच आहे, हे त्यांच्याशी ताडून बऱ्यापैकी कळतं. 'निवड' यावर संशोधन करणाऱ्याला हा फरक लागतोच.

मग हे सगळं गाईडला पाठवायची वेळ येते आणि आपण काय करतो? व्हॉट्सॲप. फोटो म्हणून पाठवलात की चित्र पुन्हा दाबलं जातं आणि समोरच्याच्या मोबाइलमध्ये फाइलचं नाव बदलून तारीख आणि 'डब्ल्यूए'चा क्रमांक पडतो. तुम्ही मेहनतीने घातलेला आयडी गेला. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा सरळ ड्राइव्हची लिंक द्या. आणि 'डाउनलोड'सारख्या फोल्डरांचा बॅकअप गूगल फोटोज आपणहून घेत नाही, तो वेगळा चालू करावा लागतो. मोबाइल बिघडला तर नमुने गेले.

नमुने हजारांच्या घरात जाणार असतील तर हाताने उतरवू नका आणि साइट खरवडणारे प्रोग्रामही लावू नका, यूट्यूबच्या अटींत ते बसत नाही. यूट्यूबचा अधिकृत डेटा एपीआय आहे. आयडी दिला की शीर्षक, तारीख आणि थंबनेलच्या सगळ्या मापांचे पत्ते मिळतात. त्यावर कधीतरी सविस्तर लिहीन. शंभर-दोनशे नमुन्यांना मोबाइल पुरतो.

हक्कांचंही विचारतात. थंबनेल ही कुणाची तरी कलाकृती आहे, ती तुमच्या गॅलरीत आली म्हणून तुमची होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधनासह खासगी वापर, आणि टीका किंवा समीक्षा, यांसाठी वाजवी वापराला मोकळीक आहे. म्हणून अभ्यासासाठी साठवणं आणि विश्लेषण करताना लागतील तेवढी, चॅनेलचं नाव देऊन छापणं वेगळं, आणि तेच चित्र उचलून आपल्या व्हिडिओला लावणं वेगळं. पण कायद्यात बसतं म्हणून सगळंच छापू नका. आपले प्रबंध शोधगंगेवर जातात, कुणीही वाचू शकतं. माझ्या संग्रहात औंढ्याच्या आसपासच्या एका शेतकऱ्याचा रडवेला चेहरा असलेलं थंबनेल होतं, वर मोठ्या अक्षरांत जमिनीबद्दलचा मजकूर. चेहरा धूसर करूनच मी ते अहवालात घेतलं. त्यांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

त्या संध्याकाळी शेजारच्या मुलीने माझ्यासमोर सहा थंबनेल्स उतरवली. पाचव्यापर्यंत नाव बदलायला ती दोनदा विसरली. सहाव्याला राखाडी चित्र आलं, तेव्हा तिने 'एचक्यू' घेतलं आणि शेऱ्यात स्वतःच लिहिलं, 'मोठी प्रत नाही, पट्ट्या आहेत'. माझ्या पहिल्या संग्रहातली काही थंबनेल्स गूगल लेन्सने शोधून त्यांच्या व्हिडिओंना परत जोडता आली. ४१ नंबरचं अजून सापडलेलं नाही.